चाळीस मिनिटांची खोली

रोज सकाळी सात वाजता तळघरातल्या ऑफिसात याद्या छापून येतात. कुठल्या खोलीत माणूस आहे, कुठली रिकामी आहे, कुठली आज सुटणार. एकोणतीस वर्षं मी त्या यादीवर नजर टाकते आणि चहाचा घोट घेते, त्यात कधी काही अडलेलं नाही. आज अडलं. चौदाशे बारापुढे लिहिलं होतं, आज जाणार, बारा वाजता. घोट तोंडातच राहिला. शेजारच्या टेबलावरची लॉन्ड्रीवाली म्हणाली, ‘काय गं, पोळलं का?’ मी म्हटलं, हो, पोळलं. चहा कोमट होता. चौदाशे बारात माझी भाची राहते आहे. चार दिवस झाले. मी ज्या मजल्याची सुपरवायझर आहे त्याच मजल्यावर, माझ्या सोळा खोल्यांतल्या एकीत, कोणी त्रास देऊ नये अशी लाल पाटी दाराला लटकवून. कोणी म्हणजे मी.

रागावून घर सोडायचं तर माणूस लांब कुठेतरी जातो. ही बया उठून माझ्याच हॉटेलात आली. मुद्दाम आली असं मी म्हणत नाही, तिला या शहरात दुसरं हॉटेल ठाऊकच नाही. लहानपणापासून हॉटेल म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे हीच लाल विटांची इमारत. बॅग ओढत आली, खोली मागितली, रिसेप्शनवरच्या पोरीने पहिली रिकामी होती ती दिली, आणि ती नेमकी चौदाव्यावर निघाली. आडनाव वेगळं असल्यामुळे इथे कोणाला पत्ताही नाही. तिला घरात आम्ही गुंडी म्हणतो. माझ्या युनिफॉर्मची वरची गुंडी मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही, म्हणून. मोठी झाल्यावर म्हणायची, मावशी, चारचौघांत त्या नावाने हाक मारत जाऊ नकोस, लोकांना वाटेल मी मारामाऱ्या करते. आता चौतीस वर्षांची आहे. पूल बांधायच्या आधी खालची जमीन तपासतात ते काम करते, दोन विमानं बदलून यावं लागतं इतक्या लांब राहते. तिची आई, म्हणजे माझी ताई, मागच्या रविवारी गेली. ताई गेल्यावर माझं म्हणून जगात ही एकच उरली, आणि ती दाराला पाटी लावून बसली आहे, आणि बाराला जाणार आहे. मला न भेटता गेली तर परत कशाला येईल? तिला यायला इथे आहे काय दुसरं?

ताई सकाळी साडेसातला गेली. पाच महिने अंथरुणावर होती, फुप्फुसं दमली होती, डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वीच माझ्याकडे न बघता सांगून ठेवलं होतं. गुंडीला फोन लावला तेव्हा तीच म्हणाली, माझ्यासाठी थांबू नका, मला मंगळवारशिवाय पोचता येत नाही. शेजारपाजारचे आले, गाडी आली, सह्या झाल्या, अकरापर्यंत सगळं आटोपून मी घरी परतले. वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, तुम्ही बसा, मी चहा टाकते. ती चहा घेऊन आली तेव्हा मी ताईच्या पलंगावरची चादर ओढत होते. त्या बिचारीला वाटलं मी कोसळेन, मला धरावं, पण धरायला मी एका जागी होते कुठे. चादर, अभ्रे, पांघरूण मशीनमध्ये. औषधांच्या बाटल्या पिशवीत. उशालगतचं अर्धा ग्लास पाणी ओतलं, ग्लास विसळून पालथा घातला. कंगव्यातले केस काढले, कंगवा ब्रशने घासला. चष्म्याच्या काचा पुसल्या. वर्तमानपत्रातली अर्धवट सोडवलेली शब्दकोडी, सगळी पेन्सिलीने भरलेली, दोरीने बांधून खाली कागदांच्या पिंपात टाकून आले. लोकरीचा स्वेटर, जो तिच्या अंगावरून महिनोनमहिने उतरत नव्हता, तो कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतला. खिडकी उघडली, फरशी दोनदा पुसली. नवी चादर घातली, कोपरे दुमडून घट्ट खोचले, पायथ्याशी दोन टॉवेल घडी करून ठेवले, आणि दारात उभी राहून एक नजर टाकली. घड्याळ बघितलं नव्हतं, मला बघावं लागत नाही. चाळीस मिनिटं झाली होती. सुटलेल्या खोलीला आमच्याकडे चाळीस मिनिटं धरतात, माणूस राहत असेल तर वीस. मग मी चहा प्यायले, आणि तो गार झालाय म्हणून त्या शेजारणीला वर तोंड करून बोललेसुद्धा.

मला हे शिकवलं ती माझी पहिली सुपरवायझर. जाड भिंगांचा चष्मा होता, तिच्या मागे आम्ही सगळ्या तिला दुर्बीण म्हणायचो. दुर्बीण म्हणायची, साफ खोली कोणीही करेल, बाई, आपल्याला रिकामी करायची आहे. नवा माणूस दार उघडतो तेव्हा त्याला वाटलं पाहिजे की इथे याआधी कोणी झोपलंच नाही, कोणी रडलं नाही, कोणी केस विंचरले नाहीत. दार उघडलं की आधी हलायचं नाही, आधी वास घ्यायचा. पाच मिनिटांनी नाकाला सवय होते आणि मग माणूस सापडत नाही. टब ओला करायच्या आधी कोरड्या फडक्याने पुसायचा, कारण ओल्या टबला केस चिकटतो आणि दिसत नाही. उशी उलटी करून पाहायची. पलंगावर पाहुण्यासारखं डोकं टेकून छताकडे बघायचं, तिथून जे दिसतं ते आपल्याला उभ्याने दिसत नाही. टेलिफोनच्या रिसीव्हरवर कानाचा ठसा राहतो, तो विसरायचा नाही. मला पहिल्या महिन्यात हे सगळं हास्यास्पद वाटायचं. घरी येऊन मी ताईला दुर्बिणीची नक्कल करून दाखवायची, ताई पोट धरून हसायची आणि म्हणायची, तुमच्या हॉटेलात खून झाला तर पोलिसांना काही मिळायचं नाही. पण हात शिकतात. डोकं हसत असतं तेव्हाही हात शिकत असतात, आणि मग ते विचारायला येत नाहीत.

मंगळवारी गुंडी आली. जिन्यातच माझ्या गळ्यात पडली, आम्ही दोघी रडलो, शेजारीणही रडली. मग ती म्हणाली, मी जरा आईच्या खोलीत बसते. मला वाटलं, बसू दे, खोली तयार आहे. तयार, हाच शब्द डोक्यात आला मेला. ती आत गेली आणि बराच वेळ आवाज नाही. मी दारात गेले तर ती खोलीच्या मध्यावर उभी होती, अंगावर अजून प्रवासाचा कोट. तिने ग्लास उचलून पाहिला, ठेवला. कपाट उघडलं, स्वेटर काढला, नाकाला लावला. परत लावला, बाही उलटी करून आतून लावला. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, ‘साबणाचा वास येतोय, मावशी.’ मी म्हटलं, धुतला ना. आवाजात थोडी शाबासकीची वाट होती, देवाशपथ होती, मी खोटं कशाला सांगू. ती उशीकडे गेली, कंगव्याकडे गेली. एखादं माणूस किल्ली हरवल्यावर फिरतं तशी सगळ्या खोलीत फिरली, आणि मग म्हणाली, ‘आई कुठे आहे यात?’ तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं मी काय केलं ते. तोपर्यंत खरंच दिसलं नव्हतं. तिने बॅग उचलली. मी म्हटलं, अगं जेवून तरी घे. ती म्हणाली, इथे मला झोप येणार नाही, आणि हॉटेलचं नाव घेतलं.

या इमारतीची पहिली ओळख मला ताईनेच करून दिली. आमची आई लवकर गेली, ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तिनेच मला वाढवलं आणि नोकरीलाही तीच घेऊन आली. तेव्हा या भागात हीच सगळ्यात उंच होती. अठरा मजले, खालपासून वरपर्यंत वीट, खिडक्यांच्या कपाळाला पांढऱ्या दगडाची पट्टी. मी आत मुलाखतीला आणि ताई समोरच्या फुटपाथवर खिडक्या मोजत उभी. बाहेर आले तर म्हणाली, तीनशे बारा आहेत, सगळ्या पुसायला लावतील का गं तुला? आता चारी बाजूंनी बँकांचे काचेचे मनोरे आले आहेत, आमच्या पूर्वेकडच्या खोल्यांत सकाळचं ऊन समोरच्या काचेवरून उसनं येतं. पण विटेची एक गोष्ट त्या काचांना जमत नाही. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. थंडीच्या दिवसांत काम संपलं की मी चौदाव्याच्या टोकाच्या खिडकीशी त्या भिंतीला पाठ लावून पाच मिनिटं उभी राहते. ताई आजारी पडल्यावर ती पाच मिनिटं वाढली. पंधरा झाली, वीस झाली. कामाहून घरी जायला पाय निघत नव्हता, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी गेलं की तिचा श्वास ऐकू यायचा, आणि तो ऐकत नुसतं बसायचं माझ्याच्याने होत नव्हतं. मग मी काहीतरी आवरत राहायची. भांडं, टेबल, पडदा. ताईची नजर माझ्या मागे मागे फिरायची.

चार दिवस गुंडीचं आणि माझं बोलणं झालं ते टॉवेलांतून. लाल पाटी असली की आत जायचं नाही, धुतलेले टॉवेल पिशवीत घालून दाराशी ठेवायचे. मी ठेवायची, ती आत घ्यायची, वापरलेले बाहेर ठेवायची. वापरलेल्या टॉवेलांवरून मला कळायचं की आज केस धुतले, आज तोंडसुद्धा धुतलं नाही. एक दिवस पिशवीत दोन बिस्किटांचे पुडे जास्तीचे टाकले, ती लहानपणी चहात बुडवून खायची ती. दुसऱ्या दिवशी ते तसेच टॉवेलांवर ठेवलेले मिळाले. नियमाप्रमाणे दोन दिवसांनी दार वाजवून माणूस ठीक आहे ना ते पाहावं लागतं. मी वाजवलं. ‘हाउसकीपिंग,’ म्हटलं, एकोणतीस वर्षं म्हणते तसंच. आतून उत्तर आलं, ‘ठीक आहे, थँक यू.’ पाहुणे देतात तसंच, त्याच सुरात. सगळी दारं उघडणारं मास्टर कार्ड माझ्या कमरेला होतं. मी एका झटक्यात ते दार उघडू शकत होते, आणि उघडून काय बोलणार होते, तर तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

म्हणजे बोलायला एक वाक्य होतं. चार दिवस मी ते घडवत होते. ‘अगं, तुझ्या आईनेच सांगितलं होतं मला, गुंडी यायच्या आत सगळं आवर, तिला हे आजारपण दिसू देऊ नकोस.’ किती सोपं आहे बघा. आणि पटण्यासारखं. ताईचा स्वभावच तसा, कोणी येणार म्हटलं की आधी पडदे बदलणार. पोस्टाच्या वर्गीकरणात तीस वर्षं काढली, तिच्या टेबलावर एक कागद तिरका नसायचा. हे वाक्य मी बसमध्ये मनात म्हणून पाहिलं, आरशासमोर तोंडाने म्हणून पाहिलं. ‘दिसू देऊ नकोस’च्या जागी ‘दाखवू नकोस’ बरं वाटेल का याचाही विचार केला. एखादी नटी असते तशी तयारी. फक्त दार उघडायचा अवकाश होता. आणि ते उघडलं नाही याबद्दल मनातून कुठेतरी हायसं वाटत होतं, तेही खरं.

आज शनिवार, त्यामुळे खाली रस्ते ओस. आठवडाभर या भागात पाय ठेवायला जागा नसते, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं घोळक्याने रस्ता ओलांडत असतात. शनिवारी सिग्नल कोणासाठीही नसताना लाल-हिरवे होत राहतात. नऊच्या सुमारास मी एका नव्या मुलीने केलेली खोली तपासायला घेतली. चौदाशे पाच, सुटलेली. चांगली केली होती तिने, पण मी दारात उभी राहिले, वास घेतला, आणि कोणाचं तरी अत्तर अजून पडद्यात होतं. एरवी मी तिला झापलं असतं. पडदा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. कोण असेल ही अत्तरवाली, कुठे गेली असेल, तिच्या घरी कोणी वाट बघत असेल का. असले विचार करायला लागलं तर दिवसाला सोळा खोल्या कशा व्हायच्या? मुलगी घाबरली. म्हणाली, ‘मॅडम, परत करू का?’ मी म्हटलं, राहू दे. आणि हे शब्द तोंडातून गेल्याबरोबर मी पडदा सोडला. टोकाच्या खिडकीपर्यंत चालत गेले. पश्चिमेची भिंत सकाळी गार असते.

कारण ताई खरं काय म्हणाली ते मला ठाऊक आहे. चार दिवस मी जे घडवत होते ते त्याच्यावर पांघरूण घालायला. रविवारी सात वाजून गेले होते, रविवारी माझी ड्यूटी नऊची असते. रात्री तिला दोनदा उलटी झाली होती, पलंगाखाली भांडं होतं, चादर एका बाजूने निघाली होती. मी आले, चादर खोचायला लागले, उशी सारखी केली, टेबलावरचा ग्लास हलवला. ताईने माझं मनगट धरलं. पकड कसली, नुसती बोटं टेकवली. म्हणाली, ‘राहू दे गं. आज खोली आवरू नकोस. बस जरा.’ मी म्हटलं, ‘दोन मिनिटांत होतंय, मग बसते.’ आणि भांडं घेऊन मोरीत गेले. भांड्याला कडेला डाग होता. तो एकदा घासून जाईना, दुसऱ्यांदा घासला. पाणी सोडलेलं होतं, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. भांडं पुसून, कोरडं करून, घेऊन आले तेव्हा ती गेलेली होती. तोंड दाराकडे होतं. पाच महिन्यांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

हे गुंडीला सांगायचं? सांगितलं की संपलं. स्वच्छतेची खोड तिने एक ना एक दिवस माफ केली असती, म्हातारी होत चाललेली मावशी, हात वळवळतात, म्हणून सोडून दिलं असतं. हे कोण माफ करेल? मी स्वतः करत नाही. साडेअकरा वाजले. मी चौदाशे बाराच्या अलीकडच्या कोनाड्यात ट्रॉलीवरचे टॉवेल उगाच परत परत मोजत उभी होते. अकरा, बारा, परत अकरा. बॅगेची चाकं आत फिरल्याचा आवाज आला, आणि दार उघडलं.

‘मावशी,’ गुंडी म्हणाली, ‘आत ये.’

मी आत गेले. दार उघडल्यावर आधी वास घ्यायचा, तो आपोआप घेतला गेला. खोलीभर तिचा वास होता, तिच्या केसांचा, झोपेचा, न उघडलेल्या खिडकीचा. पलंगावर पांघरुणाचा गोळा, कप तीन ठिकाणी, खुर्चीवर ओला टॉवेल. माझे हात पुढे झाले. मी ते मागे घेऊन एकात एक अडकवले. तिने टॉवेल उचलून खुर्ची रिकामी केली, पण पाहुणा असलेल्या खोलीत आम्ही टेकत नाही, मी भिंतीशी उभी राहिले. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. कोणीतरी तिला चार घास बळेबळे भरवायला हवे होते.

‘मी चार दिवस तुझ्यावर खूप चिडले होते,’ ती म्हणाली.

‘कळलं ते मला.’

‘नाही, ऐक ना. काल पडल्या पडल्या एकदम सुचलं. मी किती मूर्ख आहे. आईनेच सांगितलं असणार तुला. मी यायच्या आत सगळं आवर म्हणून. तिला ते आजारपण, ती भांडी, ते औषधांचं मला दिसू द्यायचं नसणार. तू तिचं ऐकलंस, आणि मी तुला बोलले.’ ती एक पाऊल पुढे आली. ‘तसंच झालं ना?’

आयतं ताटात वाढून माझ्यापुढे आलं. मी घडवलेलं वाक्य तिने माझ्याहून चांगलं घडवलं होतं, आणि माझ्याकडे इतक्या आशेने बघत होती की मला नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर ती आत्ता माझ्या गळ्यात पडली असती. तिचा फोन आला असता, उन्हाळ्यात ती पंधरा दिवस राहायला आली असती, माझं म्हातारपण कोणाच्या तरी नजरेखाली गेलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात त्या क्षणी एकामागून एक आलं, मी काही साधी नाही. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, ‘काय म्हणाली ती? तिच्या शब्दांत सांग ना. मला तिचं काहीच मिळालेलं नाही, मावशी. एवढं तरी दे.’

खरं बोलायचं मी ठरवलं, असा मोठेपणा मला घ्यायचा नाही. तिच्या शब्दांत म्हटल्यावर माझ्या तोंडात दुसरे शब्दच नव्हते.

‘राहू दे गं,’ मी म्हटलं. ‘आज खोली आवरू नकोस. बस जरा.’

गुंडीला कळलं नाही. ‘म्हणजे?’

‘असं म्हणाली. सात वाजून गेले होते. हेच शेवटचं.’

‘आणि तू?’

‘मी म्हटलं, दोन मिनिटांत होतंय, मग बसते.’

‘मग बसलीस?’

‘नाही. मोरीत होते. भांडं घासत होते.’ आणि मग राहिलंच आहे तर म्हणून मी तेही सांगितलं, ‘दोनदा घासलं. आले तेव्हा ती गेली होती. दाराकडे बघत होती.’

गुंडी पलंगाच्या कडेला बसली. मला वाटलं ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं. ती आपल्या हातांकडे बघत होती. तिचे हात ताईचे आहेत, आखूड बोटं, रुंद नखं.

‘परत सांग,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘ती म्हणाली ते. जसं म्हणाली तसं.’

मी परत म्हटलं. या वेळी मलाही ऐकू आलं. आम्हा दोघी बहिणींचा आवाज एक, फोनवर गुंडीच्या वडिलांनाही, ते होते तेव्हा, कधी ओळखू यायचा नाही. मी खालच्या पट्टीत, थोडं थांबत म्हटलं की तो ताईचा होतो, ‘गं’वर जरा लांबवायची सवयसुद्धा. गुंडीने डोळे मिटून घेतले. ‘परत,’ म्हणाली. मी परत म्हटलं. ‘श्वास लागला होता ना तिला? मग मधे थांबली असेल.’ मी म्हटलं, हो, ‘आज’नंतर थांबली होती. ‘मग तसं म्हण.’ मी तसं म्हटलं. राहू दे गं. आज. खोली आवरू नकोस. बस जरा. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी भिंतीशी उभी राहून माझ्या बहिणीच्या तोंडाने स्वतःला विनवत होते, आणि दर वेळी तीच बाई भांडं उचलून मोरीत जात होती. चौथ्यांदा म्हटलं, पाचव्यांदा म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, ‘बास. आता नको.’

तिने तोंड धुतलं, कोट घातला. बॅग मी घ्यायला गेले तर तिने स्वतःच धरली. लिफ्टपर्यंत आम्ही बरोबर चाललो. माझ्या अंगाला तिचा कोट लागू नये इतकं अंतर ठेवून ती चालत होती, तेवढं मला दिसत होतं. लिफ्ट वर यायला वेळ लागला. ती वरच्या आकड्यांकडे बघत म्हणाली, ‘आई रविवारी फोन करायची मला.’

‘ठाऊक आहे.’

‘मी करीन. तू उचल. आपण दुसरं काही बोलायचं नाही. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. मला आत्ता ते जमणार नाही.’ लिफ्टचं दार उघडलं, ती आत गेली आणि मग माझ्याकडे पाहिलं. ‘फक्त ते तिचं म्हण. म्हणशील?’

तिला मी नको होते, माझा गळा हवा होता. दर रविवारी मला तिथेच परत जाऊन उभं राहावं लागणार, मनगटावर तीच बोटं, हातात तेच भांडं, हे मला कळत होतं. तरी फोन येणार होता, आणि तेवढ्यासाठी मी काहीही म्हटलं असतं.

‘म्हणेन,’ मी म्हटलं.

दार मिटलं. बाराला पाच कमी होते. मी भिंतीवरचा फोन उचलला आणि खाली कळवलं की चौदाशे बारा सुटली.